मँटिसच्या (प्रार्थनाकीटकाच्या) पिल्लांमध्ये नर-मादी कसे ओळखायचे?

जास्वंदवाली:
आमच्या जास्वंदीच्या फांदीवर वाळलेल्या फेसासारखं अंड्यांचं घर होतं, जूनमध्ये त्यातून मुंगीएवढी पिल्लं निघाली. पाच मी वेगवेगळ्या डब्यांत वाढवतेय. मोठा हिरवा मँटिस होतो ना, हायरोड्युला, तोच. तीनदा कात टाकून झालीय. दोघांचं पोट गुबगुबीत आहे, बाकीचे सडपातळ. जाड त्या माद्या समजायच्या का? जोडी लावायचीय पुढे म्हणून विचारतेय.

कीटकवेडा:
पोटावरून अजिबात ठरवू नका ताई, काल पोटभर खाल्लेला नरपण तसाच दिसतो. पोटाच्या खालच्या बाजूचे पट्टे मोजायचे. नराला आठ दिसतात आणि टोकाकडे बारीक बारीक होत जातात, मादीला सहाच, आणि तिचा शेवटचा पट्टा बाकीच्यांपेक्षा चांगलाच मोठा असतो. पण अगदी लहानपणी मादीचेही टोकाचे बारीक पट्टे उघडे असतात त्यामुळे हमखास गोंधळ होतो. अजून एक-दोन काती होऊ द्या, मग मोजा.

गच्चीवरची बाग:
हातात घेऊन उलटं करू नका प्लीज!! ते तसेही झाकणाला उलटे लटकतात, म्हणजे पोट झाकणाकडे असतं, तर झाकण पारदर्शक असेल तर वरून मोबाईलने झूम करून फोटो काढा आणि फोटोत निवांत मोजा. कात टाकल्यावर एक दिवस तर हातच नको, अंग मऊ असतं, पाय वाकडा झाला की तसाच राहतो पुढच्या कातीपर्यंत. माझ्या एकीचा झाला होता, अजून वाईट वाटतं.

कीटकवेडा:
बरोबर. आणि जोडी लावायचीय तर हे लक्षात ठेवा, नराला बहुतेक एक कात कमी लागते, म्हणजे भाऊ आधी मोठे होतात आणि बहिणी मागे राहतात. नर कळले की त्यांना खाणं जरा कमी द्या, माद्यांना भरपूर. शिवाय एकाच घरातली सगळी भावंडंच आहेत, बाहेरचा नर मिळाला तर जास्त चांगलं.

जास्वंदवाली:
आत्ताच फोटो काढला, सगळ्यात जाड होता त्याचा. तीनदा मोजले, आठ वाटतायत, पण शेवटचे दोन एवढे बारीक आहेत की खात्री नाही. पुढच्या कातीनंतर परत काढून इथेच टाकते.