पहिलं यांत्रिक घड्याळ: ऑटोमॅटिक घ्यावं की रोज चावी द्यायचं?

मनगट_साडेसोळा:
आजवर सेलवरचीच घड्याळं वापरली. आता एक यांत्रिक घड्याळ घ्यायचंय, पुढची वीस वर्षं वापरायला. दोन आवडलीत. एक ४३ मिमीचं ऑटोमॅटिक, दुसरं ३७ मिमीचं, रोज हाताने चावी द्यायचं. मनगटाचा घेर साडेसोळा सेंमी. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून काम, शनिवार-रविवारी घड्याळ काढून ठेवतो. विक्रेता म्हणाला, ऑटोमॅटिक कधी बंदच पडत नाही. खरं आहे का? आणि दिवसाला दहा सेकंद पुढे जाणारं घड्याळ बिघडलेलं समजायचं का?

तिसरा_काटा:
व्यास नंतर बघा. पट्टा अडकतो तिथल्या वरच्या लगच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर आधी मोजा. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेलं की कितीही सुंदर घड्याळ असो, ते हातावर बसत नाही. फोटोवरून हे कळत नाही, घालूनच बघा.

रोजची_चावी:
चौदा वर्षं एकच घड्याळ वापरतोय, हाताने चावी द्यायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दहा सेकंदांचं. तासाला २८,८०० ठोके देणारं घड्याळ सेकंदाला आठदा टिकटिकतं. म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके, तेही एका केसासारख्या स्प्रिंगच्या भरवशावर. त्यात दहा सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत जेमतेम एक. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर (अचूकतेच्या) प्रमाणपत्रासाठीसुद्धा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते. आकडा किती, यापेक्षा तो रोज तेवढाच राहतो का हे बघा. रोज आठ सेकंद पुढे जाणारं घड्याळ निरोगी आहे. आज दोन, उद्या वीस, परवा उणे पाच असं चाललं तर मात्र दाखवून घ्यावं.

ऑटोमॅटिक बंद पडतं. त्यातलं वजन हात हलला की फिरतं आणि मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) गुंडाळतं. टायपिंगमध्ये मनगट फारसं हलत नाही. बऱ्याच मशीनमध्ये पूर्ण चावी साधारण चाळीस तास पुरते. शुक्रवारी रात्री आठला काढलंत तर रविवारी दुपारी काटे थांबलेले असतील. थांबल्याने काही बिघडत नाही, सोमवारी वेळ लावायची, एवढंच. पण तारीख असेल तर एक पथ्य पाळा: काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये असताना तारीख झटपट बदलू नका. बऱ्याच मशीनमध्ये तेव्हा तारखेची चाकं गुंतलेली असतात, दाता तुटू शकतो. आधी काटे साडेसहावर आणा, मग तारीख लावा.

मी सकाळी दात घासून झाले की घड्याळ हातातून काढून चावी देतो, मनगटावर असताना नाही, कारण तिरका जोर पडून चावीची दांडी वाकते. बोटांना हळूहळू ताण जाणवायला लागतो आणि एका जागी चावी ठाम थांबते. तिथे थांबायचं, पुढे अर्धा फेरासुद्धा नाही. (ऑटोमॅटिकला असा थांबा येत नाही, त्यात स्प्रिंग आतल्या आत घसरते.) या अर्ध्या मिनिटासाठीच मी हे घड्याळ घेतलं असं आता वाटतं.

तुम्ही लॅपटॉपवाले, म्हणून एक अनुभव. चौथ्या वर्षी माझं घड्याळ एकाएकी दिवसाला सहा मिनिटं पुढे जायला लागलं. मशीन खराब झालं या कल्पनेने जीव खाली-वर झाला. होकायंत्र जवळ धरलं तर सुई फिरली! रोज रात्री मी ते टॅबलेटच्या चुंबकवाल्या कव्हरवर ठेवत होतो. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे त्या केसासारख्या स्प्रिंगचे, वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं. घड्याळजीने डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर) काही सेकंद धरलं, बरं झालं. लॅपटॉपचे स्पीकर, बॅगेची चुंबकी बटणं, सगळ्यांपासून हातभर लांब ठेवा.

तुमच्या दिनक्रमाला ३७ मिमीचंच शोभेल असं माझं प्रामाणिक मत.

भिंग_आणि_चिमटा:
दुरुस्तीच्या टेबलावरून दोन गोष्टी. घड्याळावर पाण्यासाठी ३० मीटर लिहिलंय म्हणून पोहू नका, ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं असतं. गरम पाण्याची अंघोळ तर नकोच, रबरी गॅस्केट वाफेने लवकर जातात. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी उघडून घ्या. आठवड्याने आलेल्या घड्याळात चावीची दांडी गंजलेली असते.

आणि चालतंय ना, मग कशाला सर्व्हिसिंग, असं म्हणू नका. तेल वाळलं तरी घड्याळ चालत राहतं, फक्त धातू धातूवर घासत असतो. पाच-सहा वर्षांनी एकदा दाखवा, टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवायला सांगा. पूर्ण चावीत, तबकडी वर करून, बॅलन्सचा (आतल्या पुढे-मागे झुलणाऱ्या चाकाचा) झोका २७० ते ३१० अंश असेल तर उत्तम. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगची वेळ झाली.

मनगट_साडेसोळा:
पट्टी घेऊन पुन्हा गेलो. मोठ्याचं लग ते लग अंतर ५१ मिमी, छोट्याचं ४४. मोठ्याचे लग दोन्ही बाजूंनी अधांतरी होते. छोटं घेतलं.

आज नववा दिवस. रोज सकाळी वही घेऊन फरक लिहितोय. रात्री तबकडी वर करून ठेवलं की दिवसाला सात सेकंद पुढे. तीन रात्री चावीची बाजू वर करून उभं ठेवलं, तर फक्त दोन पुढे. आता तसंच ठेवतो, लॅपटॉपच्या खोलीबाहेर.