जर्मनीत 'मिसळणं' म्हणजे नेमकं किती आणि कशात?

उंबरठा:
म्युनिकला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा वास्तव्य परवाना) जायचं ठरतंय, बरोबर जोडीदार आणि चार वर्षांचं मूल. बाहेरून आलेल्यांनी 'समाजात मिसळावं' असं तिकडे सतत बोललं जातं. सरकार यात काय तपासतं? शेजारीपाजारी काय धरून चालतात? आणि घरात मराठी ठेवली तर मुलाचं जर्मन मागे पडेल का?

कागदवाला:
सरकारी बाजू आधी, ती निदान मोजता येते. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करा, पुढची बरीच कामं तिच्यावर अडतात. ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना ए१ (अगदी प्राथमिक) जर्मनवर 27 महिन्यांनी मिळू शकतो, बी१ (रोजचे व्यवहार निभावण्याइतकं) असेल तर 21. नागरिकत्वाला जून 2024 पासून आठऐवजी पाच वर्षं. शिवाय बी१, स्वतःच्या कमाईवर घर चालवणं, आणि 33 प्रश्नांची परीक्षा: तासाभरात 17 बरोबर. प्रश्न जाहीर यादीतलेच, 300 सामायिक आणि 10 तुमच्या राज्याचे, त्यामुळे पाठांतरावर निभावतं.

लोक अडतात बी१ला. इंटिग्रेशन कोर्समध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीच्या सरकारी वर्गात, भाषेच्या साधारण 600 तासिका असतात, 45 मिनिटांची एक. शेवटच्या परीक्षेत बोलण्यात बी१ हवंच, वर लेखन किंवा श्रवण-वाचन यांपैकी एकात. तोंडीत दोन परीक्षार्थींनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो. आपली मंडळी व्याकरण घोकून जातात आणि नेमकी तिथे गप्प होतात.

खाणं, कपडे, देवघर यांबद्दल कायदा काही विचारत नाही. लोकशाही राज्यघटना आणि नाझी राजवटीबद्दलची ऐतिहासिक जबाबदारी मात्र सही करून मान्य करावी लागते.

जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही. भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागेल. मग भारतात मतदान नाही आणि गावाकडे शेतजमीन विकत घेता येत नाही.

रविवार_शांत:
कागद सगळे असूनही लोक परकेच राहतात, हे वर आलं नाही. ऑफिस इंग्रजीत, शनिवार-रविवार मराठी मंडळात, मग जर्मन बेकरीपुरतंच उरतं. मंडळ सोडू नका, पण एखाद्या स्थानिक क्लबाचं सभासदत्व घ्या: फुटबॉल, गायनवृंद, स्वयंसेवी अग्निशमन दल, काहीही. नुसती वर्गणी भरून भागत नाही. स्पर्धेच्या दिवशी आईवडिलांनी केक आणायचा, स्टॉलवर तासभर उभं राहायचं, शेवटी बाकं उचलायची. ओळखी होतात त्या बाकं उचलताना.

शेजाऱ्यांशी खटके क्षुल्लक गोष्टींवरून उडतात. रविवारी भिंतीत ड्रिल नको, काचेच्या बाटल्याही रविवारी कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत. रात्री 10 नंतर आवाज बंद, गणपतीची आरतीही त्याआधी उरकायची.

दोन_भाषा:
मुलाशी मराठीच बोला. आईबापांनी घरात मोडकं जर्मन सुरू केलं की मूल त्याच चुका उचलतं, आणि मराठी जाते ती वेगळीच. जर्मन बालवाडीत येईल, फक्त रोज पुरेसे तास पाठवा आणि इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीचा मोह टाळा. बव्हेरियात (म्युनिकचं राज्य) भाषा कच्ची वाटली तर शाळेआधी 240 तासिकांचा जर्मन पूर्ववर्ग असतो. त्यासाठी नाव सुचवलं तर कमीपणा मानून नकार देऊ नका. बालवाडीची जागा मात्र पत्ता मिळाल्या मिळाल्या शोधायला लागा. म्युनिकमध्ये खरी मारामारी तिथे आहे.