जुलैमधलं कोची : तुमचे अनुभव लिहा

कोचीचं नाव काढलं की आपल्याकडे सगळे डिसेंबर सुचवतात. जुलै म्हटलं की प्रश्न येतो, "पावसात काय बघणार?" मला तर हे शहर जुलैतच सगळ्यात आवडलं. परेड ग्राउंडच्या कडेचे जुने पर्जन्यवृक्ष या महिन्यात फांदीफांदीवर नेचे घेऊन उभे असतात, प्रिन्सेस स्ट्रीटवर पर्यटकांपेक्षा शाळेची मुलं जास्त दिसतात आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये निवांत बसता येतं. वास्को द गामा 1524 साली नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला. त्याला आधी पुरलं होतं ते याच चर्चमध्ये, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. डिसेंबरात त्याच्या थडग्याच्या दगडाभोवती इतकी गर्दी असते की लोक फोटो काढतात आणि सरकतात.

पावसाची भीती वाटणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की कोचीत वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो, पण एकट्या जुलैचा हिशोब केला तर आपलं सांताक्रूझ कोचीच्या पुढे आहे. फरक असा, की कोचीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊसही भरपूर असतो.

ज्यांनी जुलैत कोची पाहिलं आहे किंवा तिथे राहिले आहेत, त्यांनी वर आपलं गाव टाकून सविस्तर लिहा. काय खाल्लं, कुठे भिजलात, काय टाळावं, सगळंच.

डोंबिवली

आम्ही दोघं कामातून सुट्टी काढून गेलो होतो. मला सर्वात आवडला तो पाण्यातला प्रवास. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून फोर्ट कोचीला सरकारी बोट जाते, अगदी थोड्या पैशांत. 2023 मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली, तिच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी छान आहेत. पण पावसात जुनी बोटच घ्या. सर आली की लोक सवयीनं बाजूचे पडदे खाली सोडतात आणि गप्पा पुढे चालू ठेवतात. फोर्ट कोचीहून वैपिनला जायला रो-रो आहे. गाड्या, सायकली, भाजीच्या टोपल्या, सगळं एकत्र पलीकडे जातं.

छत्री चालते, पण वारा असला की रेनकोटच लागतो. चपला रबरी घ्या, चामड्याच्या वाळत नाहीत.

रत्नागिरी

आमचं घर मच्छीमारीचं, त्यामुळे मी शहर बघितलं ते बंदराकडून. आपल्याकडे यांत्रिकी नौकांना 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंदी असते. केरळात ट्रॉलिंगची, म्हणजे यांत्रिक बोटीमागे जाळं ओढून केलेल्या मासेमारीची, बंदी 52 दिवसांची आहे, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून 31 जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत. तोप्पुंपडीच्या बंदरात ट्रॉलर एकाला एक चिकटून बांधलेले होते. रंगकाम, जाळी शिवणं, इंजिनाची कामं चालू होती. बोटींवरचे बरेच खलाशी तमिळनाडूच्या कुळच्चलकडचे, ते या दिवसांत घरी जातात. बंदी ट्रॉलरना आहे, पारंपरिक होड्यांना नाही, त्यामुळे बाजार ओस पडत नाही. बांगडे येतात आणि खाडीतलं करिमीन तर मिळतंच. केळीच्या पानात मसाला लावून भाजलेलं करिमीन जरूर खा. काटे बरेच आहेत, पण चव त्या काटेरीपणाला पुरून उरते.

आता चीनवल्यांबद्दल, म्हणजे चिनी जाळ्यांबद्दल. ती मोठी जाळी सगळे फोटोत बघतात, पण ती माणसं ओढतात कशी ते थांबून बघा. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले मोठे दगड. दगडांचा भार इतका नेमका असतो की चार-पाच जणांत एवढा मोठा सांगाडा वर येतो. जुलैत वेंबनाड खाडीतून गोडं पाणी लोटतं आणि त्याबरोबर जलपर्णीचे हिरवे पट्टेच्या पट्टे वाहत येतात. जाळ्यात मासळी कमी आणि जलपर्णी जास्त. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ती मरते, पण तोवर जाळी फाटतात आणि किनाऱ्यावर कुजते. बघणाऱ्याला ते दृश्य हिरवंगार वाटतं, ओढणाऱ्याचा दिवस त्यात जातो. तिथे ओढायला हात लावू देतात आणि त्याचे पैसे मागतात. मला त्यात गैर वाटलं नाही. या महिन्यात त्यांचा तेवढाच आधार आहे.

शिडांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं या दिवसांत झोपलेली असत. नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडायचा. कोचीच्या तोंडाशी तर वाळूचा दांडा होता, मोठी जहाजं बाहेरच नांगरत. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरनं तो दांडा कापून आतलं बंदर तयार केलं. 1928 मध्ये 'पद्मा' जहाज आत आलं. उपसलेल्या गाळाचं विलिंग्डन बेट झालं. मग पावसाळ्यातही बंदर चालू राहिलं.

ठाणे

लहान मुलं बरोबर असतील तर फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं या महिन्यात मनातही आणू नका. लाटा फरसबंदीवर चढतात. त्याऐवजी संध्याकाळी कथकलीला जा आणि वेळेच्या आधी जा. रंगभूषा समोर बसून बघता येते. आमच्या वेळी प्रेक्षक मोजकेच होते, त्यामुळे कलाकारांनी मुलांना डोळ्यांचे अभिनय जवळून करून दाखवले. मुलं अजून आरशासमोर भुवया नाचवतात.

कोल्हापूर

मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, म्हणून माझं कारण वेगळं होतं. सतराव्या शतकात डच गव्हर्नर व्हान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे 12 खंड छापले गेले, सातशेहून जास्त वनस्पती आहेत त्यात. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे कोचीतले तीन कोकणी ब्राह्मण. त्या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणीत आहे, नागरी अक्षरांत! ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात आपली लिपी इतक्या लवकर पोचली, हे समजलं तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

ही मंडळी गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचापायी दक्षिणेकडे गेलेल्या गौड सारस्वतांपैकी. मट्टांचेरीच्या चेरळाय भागात त्यांचं तिरुमला देवस्वोम हे मंदिर आहे आणि भोवतालच्या गल्ल्यांत अजून कोकणी ऐकू येते. एका दुकानात मी मराठीतून बोलले, बाई कोकणीतून बोलल्या, दोघींचं काम झालं. त्यांनी पत्रडे बांधून दिले. आपल्या अळूवडीचीच बहीण, फक्त तांदळाची आणि तिखटाची चव पुढे येते. मी शाकाहारी आहे, माझी कुठेही आबाळ झाली नाही.

सुंठ, मिरी, वेलचीची जुनी गोदामं बाजार रोडवर आहेत. उन्हाळ्यात अंगणात आलं वाळत घालतात म्हणे. जुलैत अंगणं रिकामी, पण पावसाळी दमट हवेत तो वास रस्त्यावर येऊन थांबतो.

कोची (मूळ सातारा)

यजमानांची नौदलात बदली झाली आणि आम्ही तोप्पुंपडीला भाड्याच्या घरात आलो. आता हेच घर. वर कुणी या महिन्याचं नाव लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. जुलैच्या मध्यापासून इथे कर्किडकम् हा मल्याळी महिना सुरू होतो. पूर्वी हा टंचाईचा महिना. शेतं पाण्यात, होड्या किनाऱ्याला, घरातलं धान्य संपत आलेलं. चिंगम् हा पुढचा महिना आणि ओणम येईपर्यंत तग धरायचा. त्यातूनच सगळे रिवाज आले असं मला वाटतं.

संध्याकाळी घराघरात निलविळक्कू म्हणजे समई लावतात आणि मल्याळम कवी एळुत्तच्छन यांचं अध्यात्म रामायण वाचतात. महिन्याच्या पहिल्या दिवशी सुरुवात आणि महिनाअखेरीस समाप्ती. आमच्या शेजारच्या चेचींचा, म्हणजे ताईंचा, आवाज पावसातूनही आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. मल्याळम येत नव्हतं तेव्हाही दशरथ, कैकेयी, जटायू ही नावं कळायची आणि कथा कुठवर आली ते समजायचं. ज्यांना हे जवळून बघायचं आहे त्यांनी मट्टांचेरी राजवाड्यात जावं. पोर्तुगीजांनी बांधला, डचांनी दुरुस्त केला, पण राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर आहे रामायण. पुत्रकामेष्टीपासून रावणवधानंतर परत येईपर्यंत. रामायणमासात ती चित्रं बघणं आणि एरवी बघणं यात फरक पडतो. शुक्रवारी राजवाडा बंद असतो. शेजारचं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1568 मधलं, शनिवारी बंद. त्याच्या फरशा चीनमधून आणलेल्या, निळ्या हातरंगाच्या. अनवाणी चालावं लागतं आणि जुलैत त्या पायाला गार लागतात.

खाण्याचं सांगते. कर्किडक कंजी म्हणजे ञवरा तांदळाची औषधी पेज. त्यात मेथी, वनस्पतींचा रस, नारळाचं दूध असतं. दुकानांत तयार पुडे मिळतात, पण कुणी घरी बोलावलं तर अजिबात नाही म्हणू नका. दहा पानांची भाजीही करतात. त्यात अळू असतं, भोपळ्याची पानं असतात आणि टाकळाही! सासूबाई आल्या होत्या, त्यांनी टाकळा ओळखला आणि चेचींच्या हातून विळी घेऊन खुडायलाच बसल्या. शेवग्याचा पाला मात्र इथे या महिन्यात वर्ज्य. आपल्या कोकणात गोकुळाष्टमीला तोच आवर्जून करतात, यावर त्या दोघींची बरीच चर्चा झाली, मधे मी दुभाषी.

चहाच्या टपरीवर कट्टन चाया म्हणजे बिनदुधाचा चहा आणि गरम पळंपोरी म्हणजे केळ्याची भजी घ्या. सर्दी झाली तर चुक्कू काप्पी, म्हणजे सुंठीची कॉफी.

एक कळकळीची विनंती. चेल्लानमकडे भरतीचा समुद्र 'बघायला' म्हणून गाडी काढून जाऊ नका. दक्षिणेकडची ही गावं दर पावसाळ्यात समुद्राचा मार खात आली आहेत. घरांत पाणी शिरतं, विहिरी खाऱ्या होतात. टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, भिंत जिथे झाली तिथे लोकांना श्वास मिळाला, जिथे नाही तिथले लोक अजून वाट बघतात. त्यांच्या दारात उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांचा मला राग येतो.

नाशिक

सगळं वाचून सुंदर वाटलं, पण मी डिसेंबरच्याच बाजूची. बिएनाले या दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या वर्षी जुनी गोदामं कलेनं भरतात, ते जुलैत कुठून मिळणार? आणि वर्षअखेरीला पप्पांजीचा, म्हणजे म्हातारबाबांचा, पुतळा जाळतात, तो उत्सव माझ्या मुलीला अजून आठवतो.

रत्नागिरी

ताई, दोन्ही बघा. पण जुलैत जाणार असाल तर नेत्रावती किंवा मंगला गाडी धरताना कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तपासा. वेग कमी ठेवतात, वेळा बदलतात. शक्य असेल तर 31 जुलैची रात्र तोप्पुंपडीत गाठा. मध्यरात्री बंदी उठते, 52 दिवस बांधलेले ट्रॉलर एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. पहिल्या फेरीत किळीमीन म्हणजे आपली राणी मिळते, करिक्काडी कोळंबी मिळते आणि भाव पाडूनच मिळते.

कोची (मूळ सातारा)

या, आमचं घर बंदरापासून जवळ आहे. मासळी मात्र तुम्हीच निवडा दादा, मला अजून ताजं ओळखता येत नाही तितकं.