मदत हवी आहे: ४ एमबीपीएसची लाइन भरत नाही, तरी आवाज तुटतो

तारयंत्र: दोन कार्यालयांमध्ये ४ एमबीपीएसची (सेकंदाला ४० लाख बिट) लाइन आहे. तिच्यावरून एका वेळी २५ फोन कॉल. कॉलमागे ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट) गुणिले २५ म्हणजे १.६ एमबीपीएस, म्हणून ४ पुरेल असं धरलं. वापराचा ग्राफ ५७-५८ टक्क्यांच्या वर जात नाही, पॅकेट लॉस (वाटेत हरवणारे डेटाचे तुकडे) ०.३ टक्के. तरी मधूनच समोरच्याचे अर्धे शब्द गायब. सोमवारी वरिष्ठांना सांगायचंय, किती बँडविड्थ मागू? लवकर सांगा.

दुप्पट: सरळ १० घ्या. आमचा त्रास लाइन वाढवल्यावरच गेला.

हिशेबी: थांबा. कोडेक (आवाज डेटात बदलायची पद्धत) कोणता, एका पॅकेटमध्ये किती मिलिसेकंदांचा आवाज? लाइनवरून आणखी काय जातं?

तारयंत्र: जी.७११, २० मिलिसेकंद. लॉस पिंगने (चाचणीचं छोटं पॅकेट पाठवून) मोजला, सेकंदाला एक, १००० पैकी ३ हरवले. बाकी किरकोळ.

हिशेबी: मग १.६ चुकलं. एका पॅकेटमध्ये आवाजाचे १६० बाइट, त्यावर हेडर, म्हणजे पॅकेट पोचवायची माहिती: आरटीपी १२, यूडीपी ८, आयपी २०, इथरनेट १८. झाले २१८, सेकंदाला ५० वेळा. कॉलमागे एका दिशेला ८७.२ केबीपीएस, २५ कॉलना २.१८ एमबीपीएस. तुमच्या ग्राफमधलं जवळपास सगळं हेच आहे.

चॅनल११: वायफायचा चॅनल बदलून बघा, खूप फरक पडतो.

तारयंत्र: फोन तारेवर आहेत.

मितभाषी: जी.७२९ कोडेक लावा, ८ केबीपीएसमध्ये काम होतं.

हिशेबी: हेडर तेवढेच राहतात हो. ८ नाही, ३१.२ पडतात.

रांगेतला: ग्राफ किती मिनिटांच्या सरासरीचा? आणि ते ३ पिंग विखुरलेले की जवळजवळ?

तारयंत्र: ५ मिनिटांची सरासरी. लॉग बघितला: ४१२, ४१८, ४२५. जवळजवळच आहेत! दर अर्ध्या तासाने साठ्याची ४ एमबीची फाइल जाते, ते लिहायचं राहिलं.

रांगेतला: हेच विचारत होतो. ४ एमबी म्हणजे ३२ मेगाबिट. उरलेल्या १.८ मधून जायला १८ सेकंद, आणि तेवढा वेळ लाइन काठोकाठ. ३०० सेकंदांच्या सरासरीत ती फाइल जेमतेम ०.१ एमबीपीएस दिसते. टीसीपी (फाइल पाठवणारी पद्धत) पॅकेट पडेपर्यंत वेग वाढवत राहतं. लाइनच्या तोंडाशी थांबलेल्या पॅकेटांची रांग भरली की मागून येणारं पॅकेट टाकलं जातं, मग ते फाइलचं असो वा आवाजाचं. फाइलचं पुन्हा पाठवलं जातं, आवाजाचं गेलं ते गेलं. तुमचा लॉस ०.३ टक्के नाही, त्या १८ सेकंदांत १८ पैकी ३ आहे.

दुप्पट: म्हणूनच १० घ्या म्हटलं.

रांगेतला: १० वर फाइल ४ सेकंदांत जाईल, पण ते ४ सेकंद लाइन भरलेलीच असेल. आवाजाला डीएससीपी ४६ (आधी सोडा, अशी पॅकेटवरची खूण) आणि दोन्ही टोकांना प्राधान्याची रांग द्या. शेपिंग (राउटरने स्वतःच घातलेली वेगमर्यादा) ३.८ वर ठेवा, नाहीतर रांग तुमच्या राउटरवर साचणारच नाही, पुरवठादाराकडे साचेल, आणि तिथे तुमचं प्राधान्य कोण पाळणार?

दुप्पट: आमच्याकडे त्या ४ सेकंदांची कधी तक्रार आली नाही.

हिशेबी: तुमच्याकडे कॉल किती?

दुप्पट: सहा.

तारयंत्र: दोन्हीकडे लावलं. साडेअकराची फाइल गेली तेव्हा मी स्वतः कॉलवर होतो, एक शब्द तुटला नाही. पण पिंग आता ५ हरवले. असं का?

रांगेतला: पिंग साध्या रांगेत उभं आहे. त्याला टीओएस १८४ (डीएससीपी ४६ चीच खूण, वेगळ्या आकड्यात) देऊन पाठवा, मग आवाजाच्या रांगेतला लॉस दिसेल.

तारयंत्र: १००० पैकी ० हरवले. आता वाढीव लाइन मागत नाही.