'किहीमकर' आडनावाचे मूळ आणि आजचा पसारा

प्रश्न : मलिदा_ठाणे

नमस्कार. आमचे घराणे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले असून दोन पिढ्यांपासून ठाण्यात आहे. कागदोपत्री आमचे आडनाव 'सॅम्युएल' आहे आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून तेच लागत आले आहे. पणजोबांच्या कबरीवर मात्र हिब्रू मजकुराखाली मराठीत त्यांचे नाव कोरलेले असून त्यापुढे 'किहीमकर' असे स्पष्ट वाचता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आडनाव ऐकून माहीत होते, परंतु ते केव्हा आणि का सुटले हे कोणालाच सांगता आले नाही.

अलिबागजवळच्या किहीम गावावरून ते आले असणार हे उघड आहे. माझ्या शंका त्यापुढच्या आहेत. किहीमकर म्हणवणारी सगळी घराणी एकाच कुळातली समजावीत का? हे आडनाव इतके विरळ कशामुळे झाले, म्हणजे मुळातच थोडी घरे होती की लोकांनी ते लावणे सोडले? आणि आज ते लावणारे लोक भारतात आणि इस्रायलमध्ये कोठे आढळतात? समाजाच्या इतिहासाचा अभ्यास असलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : खारेपाट

आपला पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. मी अलिबाग तालुक्यातला आहे. आमच्या भागातली '-कर' आडनावे कशी पडतात हे ठाऊक असले, की पुष्कळ गैरसमज टळतात.

किहीममध्ये राहणाऱ्या माणसाला किहीममध्ये कोणी किहीमकर म्हणत नाही, कारण तिथे सगळेच किहीमचे असतात. तो अलिबागला, पनवेलला किंवा मुंबईला गेला, की तिथले लोक त्याला गावाच्या नावाने ओळखू लागतात. त्यामुळे असे आडनाव एवढेच सांगते, की आडनाव पडण्याच्या वेळी हे घर अमुक गावातून आलेले मानले जात होते. रक्ताच्या नात्याविषयी ते स्वतः काहीच सांगत नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या काळी बाहेर पडलेली, एकमेकांशी सोयरसुतक नसलेली दोन घरेही एकच आडनाव लावू शकतात. 'दिवेकर' हे याचे चांगले उदाहरण आहे. मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, 1796 मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल, हे बेने इस्रायल होते. 'शिवभारत' 1927 मध्ये प्रकाशात आणणारे स. म. दिवेकर हे हिंदू होते. आडनाव एक असले तरी त्यावरून नाते जोडता येत नाही. म्हणूनच किहीमकर नावाची कोणतीही व्यक्ती भेटली, तरी ती आपल्या कुळातली किंवा आपल्या समाजातलीच असेल असे धरून चालू नये.

आता किहीमविषयी. अलिबागहून उत्तरेकडे किनाऱ्याने निघाले, की थळ, नवगाव, किहीम आणि आवास ही गावे जवळजवळ लागतात. यांतल्या नवगावला आपल्या समाजाच्या परंपरेत सर्वांत मोठे स्थान आहे. पूर्वजांचे जहाज या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि वाहून आलेल्या मृतांना नवगावला पुरण्यात आले, अशी ती परंपरा आहे. आज तिथे स्मारक उभे आहे. किहीम नवगावला लागूनच असल्यामुळे किहीमकर, नवगावकर, आवासकर ही आडनावे त्या पहिल्या वस्तीच्या अगदी जवळच्या गावांवरून पडलेली आहेत. पुढे ही वस्ती कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, दूरवर विखुरली. झिराडकर, नागावकर, पेझारकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, राजपूरकर अशी शंभराहून अधिक ग्रामनामे समाजात आडनावे म्हणून रूढ झाली. एवढी गावे होण्याचे कारण व्यवसायात आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. एका गावाला तेल पुरवण्यासाठी एखाददुसरे घाणे पुरत असल्याने एकाच गावी मोठी वस्ती न होता प्रत्येक गावात थोडी थोडी घरे राहिली. त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते: एका गावाच्या नावाची घरे मुळातच फार असण्याचे कारण नव्हते.

काही आडनावांना प्रतिष्ठेचा वेगळा अर्थही होता. परंपरेनुसार दाविद राहाबी या धर्मशिक्षकाने समाजातील तीन घराण्यांकडे काजीपण, म्हणजे धर्मविधी आणि निवाड्याचे काम, दिले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती घराणी होत. अशा घराण्यांना आपले ग्रामनाम टिकवण्यास सबळ कारण होते.

प्रतिसाद : दप्तरखाना

खारेपाट यांनी मूळ नीट उलगडले आहे. आडनाव का सुटले, हा उरलेला अर्धा भाग मी मांडतो, कारण माझ्या मते खरी गुंतागुंत तिथेच आहे.

18व्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल कुटुंबे मुंबईत येऊ लागली आणि त्यांतील बरेच पुरुष कंपनी सरकारच्या फौजेत भरती झाले. गावात पुरेसे असणारे 'सामाजी हसाजी' असे स्वतःचे आणि वडिलांचे नाव पलटणीच्या यादीत आणि नंतर इंग्रजी शाळांच्या नोंदवहीत जाऊ लागले. फौजेच्या याद्यांत नावापुढे 'इस्रायल' असे समाजाचे नावही लावले जाई, आणि काही घराण्यांचे आजचे आडनाव त्यातूनच आलेले आहे. 19व्या शतकात हिब्रूचे शिक्षण वाढले तसे सामाजीचे सॅम्युएल आणि हसाजीचे एझिकेल झाले. इंग्रजी पद्धतीने शेवटचे नाव ते आडनाव मानले जात असल्याने वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसले आणि ग्रामनाम मागे पडले किंवा फक्त समाजातील व्यवहारात, लग्नाच्या बोलणीत आणि कबरीच्या दगडावर उरले.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण मुंबईतच आहे. 1937 साली महापौर झालेले डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा रस्ता वरळी-महालक्ष्मी भागात आहे, पण त्यांचे घराणे राजपूरकर होते हे त्या रस्त्याने जाणाऱ्या किती लोकांना माहीत असेल? याउलट हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ग्रामनाम सोडले नाही. 1875 मध्ये समाजाच्या मुलांसाठी त्यांनी काढलेली शाळाच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. समाजाचा इतिहास त्यांनी 1897 मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला, पण तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. पूर्वज इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास निघाले असावेत हा अंदाज त्यांचाच. आजचे अभ्यासक तो जसाच्या तसा स्वीकारत नाहीत, तरीही चालीरीती, घराणी आणि व्यवसाय यांची त्यांनी दिलेली माहिती अमोल आहे. निसर्गप्रेमी मराठी वाचकांना हे आडनाव फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक किहीमकर यांच्यामुळे परिचित आहे.

आता आपल्या घराण्याविषयी. आजोबांच्या दाखल्यावर 'सॅम्युएल' असेल, तर पणजोबांचे स्वतःचे नाव सॅम्युएल असण्याचा संभव सर्वांत जास्त. तसे असेल, तर आडनाव त्याच पिढीत गोठले असे म्हणता येईल. यातून एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट निघते. पणजोबांना भाऊ असतील, तर त्यांच्या मुलांचे आडनाव सॅम्युएल असणार नाही. एका भावाचे नाव आयझॅक असेल तर त्याचे वंशज आयझॅक, दुसऱ्याचे बेंजामिन असेल तर वंशज बेंजामिन. आपले सर्वांत जवळचे भाऊबंद आज वेगळ्याच आडनावाने वावरत असतील, आणि सॅम्युएल आडनावाचे शेकडो लोक आपले कोणीच नसतील. किहीमकर हे आडनाव विरळ झाले ते कूळ खुंटल्यामुळे झाले असे मानू नये. त्या कुळाची माणसे अनेक बायबली नावांखाली झाकली गेली आहेत.

मलिदा_ठाणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पणजोबांचे नाव सॅम्युएलच होते. आजीच्या तोंडी 'आयझॅककडची मंडळी' असा उल्लेख येत असे आणि ती इस्रायलला गेली एवढेच आम्हाला माहीत होते. ते आडनाव नसून भावाचे नाव असावे ही शक्यता आजवर कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. इस्रायलमध्ये ही नावे पुढे कशी बदलली, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद : बीरशेबाहून

शालोम आणि नमस्कार. आमचे कुटुंब पेणकर आहे आणि आम्ही ते आडनाव आजही लावतो.

भारतात आपला समाज सर्वांत मोठा होता तेव्हा त्याची संख्या सुमारे 20 हजार होती. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला आली आणि आज भारतातील संख्या पाच हजारांहूनही कमी आहे. ती मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग परिसर आणि अहमदाबाद येथे आहे. इथे आलेल्या कुटुंबांना बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला, किर्यात गात अशा ठिकाणी वसवण्यात आले. त्यामुळे कोकणातील ग्रामनामे आज सर्वांत दाटीने कोठे सापडत असतील, तर ती याच गावांत.

नावांच्या बाबतीत इथे दोन वाटा झाल्या. ज्यांचे आडनाव आधीच बायबली होते त्यांचे सॅम्युएल हिब्रूत श्मुएल झाले, मोझेस मोशे झाले, एझिकेल येहेझ्केल झाले. ही नावे इराकी, मोरोक्कन, येमेनी अशा सर्वच ज्यू लोकांत असल्यामुळे केवळ आडनावावरून भारतीय कुटुंब ओळखता येत नाही. आपली 'आयझॅककडची मंडळी' आज इथे बहुधा 'यित्झाक' या नावाने नोंदलेली असतील. दुसरीकडे '-कर' लावणारी कुटुंबे मात्र नाव ऐकताच बेने इस्रायल म्हणून ओळखली जातात.

ही ओळख इथे नेहमीच सुखाची होती असे नाही. 1962 मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची, विशेषतः आईकडच्या पिढ्यांची चौकशी करण्यास सांगितले होते. समाजाने त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचा निर्वाळा दिला. त्या काळातील वडीलधाऱ्यांच्या मनात ही जखम खोल आहे. माझे स्वतःचे मत असे, की काही घराण्यांनी ग्रामनाम निष्ठेने टिकवले यामागे आपण कोण आहोत हे लपवायचे नाही, हा त्या काळातला निर्धारही होता.

भारत आणि इस्रायल यांपलीकडेही ही ग्रामनामे पोहोचली. कराचीचे सिनेगॉग 1893 मध्ये सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी बांधले. ती इमारत 1988 मध्ये पाडली गेली. गांधीजींवर उपचार करणारे डॉ. अब्राहम एरुलकर यांची मुंबईत जन्मलेली कन्या लीला यांचा विवाह ग्लाफ्कोस क्लेरिडिस यांच्याशी झाला आणि ते 1993 ते 2003 या काळात सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतही कुटुंबे आहेत. तिथे शोध घेताना रोमन लिपीतील वर्णलेखन पाहावे लागते, कारण गावाचे नाव 'कि'ने सुरू होत असले तरी आडनाव फार पूर्वीपासून 'के'ने, म्हणजे 'केहीमकर' असे लिहिले जाते. हिब्रूत ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे तिथेही एकाच नावाची दोनतीन रूपे शोधून पाहावीत.

प्रतिसाद : दप्तरखाना

आयझॅक यांचा धागा हाती आला आहे, तर पुढची दिशा सुचवतो. आपल्या घरातील सर्वांत जुना कतुबा, म्हणजे विवाहलेख, प्रथम शोधावा. त्यात वर आणि वधू या दोघांच्याही वडिलांची नावे असतात आणि साक्षीदार बहुधा समाजातलेच असतात. त्यानंतर ज्या सिनेगॉगमध्ये ते लग्न झाले असेल तिथल्या नोंदवह्या पाहता येतील का याची व्यवस्थापकांकडे विनंती करावी. ठाण्याचे शाआर हाशामाईम हे 1879 चे, तर अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन आबोथ हे 1848 चे आहे. कुटुंब किहीमहून अलिबाग किंवा मुंबईमार्गे ठाण्याला आले असेल, तर तिन्ही ठिकाणी विचारणे योग्य होईल.

पणजोबांच्या कबरीवरील हिब्रू मजकूर मात्र त्याआधी वाचून घ्यावा, कारण तिथे 'सॅम्युएल बेन अमुक' असे त्यांच्या वडिलांचे नाव असणार. आयझॅक हे खरोखर भाऊ असतील, तर त्यांच्या कबरीवर किंवा कतुब्यात वडिलांचे तेच नाव आले पाहिजे, आणि नाते जुळले की नाही ते त्यावरून ठरेल. हिब्रू मजकुरात वर्ष अक्षरांनी लिहिलेले असते आणि हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, म्हणून 660 असे निघाले तर ते 5660 समजावे. त्यातून 3760 वजा केले, की इसवी सन 1900 मिळते. परंतु ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव महिना कोरलेला असेल, तर 3761 वजा करावेत.