मदत हवी आहे: तुर्कीत 'एविन्दे' म्हणजे तुझ्या घरात की त्याच्या घरात?

तुर्की (इस्तंबूलवाली, अझरबैजानी नाही) शिकतोय, विभक्तीपर्यंत मस्त चाललं होतं पण आता मालकीचे प्रत्यय आले आणि गाडी अडकली. क्रम कळलाय, आधी अनेकवचन मग मालकी मग विभक्ती, म्हणजे एव-लेर-इम-दे = माझ्या घरांमध्ये. स्वरांची जुळणी पण जमते, ती नका समजावू प्लीज.

घोळ इथे आहे. तुझं घर 'एविन', त्याचं घर 'एवि', पण 'त्याच्या'नंतर विभक्ती लावली की मधे एक 'न' घुसतो, त्यामुळे दोन्हीचं 'एविन्दे'च होतं! 'एविनी'चं (तुझ्या/त्याच्या घराला, कर्म म्हणून) पण तेच. बरं नुसतं 'एवि' म्हणजे 'त्याचं घर' पण आणि 'घराला' (कर्म असेल तर) पण. तो 'न' मी आपल्या सामान्यरूपासारखा समजून पाठ केलाय, घर-घरा-घरात टाइप, बरोबर आहे का माहीत नाही पण लक्षात राहतं.

दुसरं, जेवणाची खोली 'येमेक ओदासी', त्यातला 'सी' मालकीचाच ना? मग 'आमची जेवणाची खोली' मी 'येमेक ओदासीमिझ' लिहिलं तर अ‍ॅपने लाल केलं, म्हणे 'येमेक ओदामिझ'. व्याकरणाच्या पुस्तकात नुसते तक्ते आहेत, कारण कुठेच नाही.

तर नेमकं विचारायचंय ते हे: बोलताना तुर्की लोक 'एविन्दे'च्या आधी 'सेनिन' (तुझ्या) किंवा 'ओनुन' (त्याच्या) लावतातच का, की संदर्भावरून चालवून घेतात? आणि जोडशब्दातला तो 'सी' माझा-तुझा-आमचा लावताना दरवेळी उडतो का?