डिजिटल बातम्यांचे स्वनियमन : छोट्या पोर्टलने नेमके काय करावे?

प्रश्न (पोर्टलचालक, अमळनेर)
नमस्कार. आम्ही तिघे मिळून अमळनेरहून बातम्यांचे पोर्टल चालवतो. नुकत्याच एका बैठकीत ‘डिजिटल माध्यमांनी स्वतःच शिस्त पाळावी’ असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला, पण तक्रार आली तर ती कोणी ऐकायची, हा विषय निघालाच नाही. आमच्याकडे तर बातमी लिहिणारा, ती टाकणारा आणि तक्रार ऐकणारा एकच माणूस आहे. एखाद्या स्वनियमन संस्थेचे सभासद व्हावे की स्वतःची आचारसंहिता पुरेशी आहे?

उत्तर (वकील, जळगाव)
२०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तीन पातळ्या आहेत : प्रकाशकाचा तक्रार निवारण अधिकारी, ज्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा, त्यावर प्रकाशकांची स्वनियमन संस्था, आणि सर्वांत वर सरकारी देखरेख. आचारसंहिता आणि ही रचना बंधनकारक करणाऱ्या नियम ९ च्या पोटनियम १ व ३ ला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. अब्रुनुकसानीचा कायदा मात्र जागच्या जागी आहे, हे विसरू नये.

उत्तर (निवृत्त उपसंपादक, धुळे)
स्थगिती मिळाली तेव्हा आमच्या व्यवसायाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि नियमांना पर्याय म्हणून जे स्वनियमन आपण मांडत होतो, तेही त्याच दिवशी बासनात गेले. हे जुनेच दुखणे आहे. १९७८च्या कायद्याखालील प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, पण दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेच्या १ लाख रुपयांच्या कमाल दंडाचा काही उपयोग होतो का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ मध्ये विचारला होता.
खोटी बातमी काय करू शकते, हे तर आमच्या धुळे जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ती अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती, पोर्टलवरून नव्हे, हे मान्य; पण आज आपली प्रत्येक बातमी त्याच वाटेने गावात शिरते, आणि शिरताना पोर्टलचे नाव गळून पडते.

उत्तर (केळी उत्पादक, यावल)
मी पत्रकार नाही. दोन वर्षांपूर्वी एका पोर्टलने आमच्या शिवारातील केळीवर रोग पसरल्याची बातमी दुसऱ्याच भागातील बागेचा फोटो लावून दिली. घड कापणीला आले होते. व्यापाऱ्याने तीच बातमी मोबाइलवर दाखवून भाव पाडून मागितला. मी फोन केल्यावर बातमी गुपचूप काढली गेली, दुरुस्ती कुठेच आली नाही. व्यापाऱ्याकडे स्क्रीनशॉट होताच. माझ्या दृष्टीने बातमी काढून टाकणे म्हणजे स्वनियमन नव्हे, पुरावा पुसणे आहे.

प्रश्नकर्ता
दादा, खरे सांगायचे तर आम्हीही दोनदा असेच केले आहे. यापुढे चुकलेली बातमी काढणार नाही. तिच्याच माथ्यावर दुरुस्ती लिहू आणि ज्या ग्रुपांवर बातमी टाकली त्या प्रत्येक ग्रुपवर ती दुरुस्ती पाठवू. सर, संस्थेचे सभासदत्व नंतर पाहू. तोवर आमच्याकडील तक्रारी महिन्यातून एकदा आपण वाचाल का?

निवृत्त उपसंपादक, धुळे
वाचेन, मानधन नको. मात्र माझा निर्णय आपल्याला पटला नाही, तरी तो पोर्टलवर जसाच्या तसा प्रसिद्ध करावा लागेल.